१ जानेवारी २०१२



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. पुण्याच्या भाचीने तर फोन करून विचारलं, "मामा, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. बंद पडलं होतं ते संगणकातलं घड्याळ. आता घड्याळ बंद पडलं म्हणून माणसाने लिहिणं का थांबवावं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. लेख लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

आमचा संगणक २०१३ सालचा. मुलाने घेऊन दिला तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. आठ वर्षं बिचारा नीट चालला. मग टाळेबंदीनंतर कधीतरी त्याचं घड्याळ मागे पडायला लागलं. आधी पाच मिनिटं, मग पंधरा. मी दर आठवड्याला ते पुढे करायचो आणि विसरून जायचो. एके दिवशी सुरू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि खाली 'एफ१ दाबा' अशी सूचना. दाबलं. संगणक सुरू झाला. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१२, वेळ रात्रीचे बारा. खिडकीबाहेर सकाळचे नऊ वाजले होते.

मी मनात म्हटलं, भिंतीवर घड्याळ आहे, शेजारी कालनिर्णय आहे, संगणकाची तारीख हवी कोणाला? इंटरनेट मोबाईलवर चालायचं, संगणक फक्त टंकलेखनापुरता. तेव्हापासून रोज एफ१ दाबायचा आणि रोज १ जानेवारी २०१२ पासून सुरुवात करायची. असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, 'सनावळ्या पाठ करा' म्हणून छड्या मारल्या, आणि स्वतःच्या घरात सन चुकीचा चालू दिला. आळस, दुसरं काय.

त्याच दीड वर्षात मी आणि आमची ही, संध्याकाळी बसून तिच्या लहानपणच्या आठवणी लिहीत होतो. ती सांगायची, मी टंकायचो. माहेर आरमोरीकडचं. मंडईच्या दिवसांत बैलगाडीने नाटकाला जाणं, दंडार, मोहफुलं वेचायला पहाटे निघणं, धानाची रोवणी, असं सगळं. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि विचारायची, "लिवलं का जी? का नुसतंच ऐकून राह्यले?" अशा सव्वीस फाईली झाल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत ती गेली.

फाईली उघडायचा धीर व्हायला मला बराच काळ लागला. यंदा उन्हाळ्यात उघडल्या, म्हटलं क्रमाने लावू आणि नातवंडांसाठी छापून घेऊ. क्रम लावायला गेलो तर सव्वीसच्या सव्वीस फाईलींवर एकच तारीख. १ जानेवारी २०१२.

आता आधी त्या घड्याळाबद्दल सांगतो, कारण मी ते शिकलो ते उशिरा शिकलो.

संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. नाव सीआर२०३२. यातला २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी, दाब तीन व्होल्ट. संगणक बंद असताना आतलं छोटं घड्याळ या सेलवर चालतं. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला त्यात हे नव्हतंच. दर वेळी सुरू केला की तो माणसालाच तारीख आणि वेळ विचारायचा. १९८४ च्या त्यांच्या पुढच्या यंत्रात सेलवर चालणारं घड्याळ आलं, ते अजून आहे. या घड्याळाचं काळीज म्हणजे गारेचा, क्वार्ट्‌झचा, एक इवलासा स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटेल, पण एकापासून सुरू करून पंधरा वेळा दुप्पट करा, बरोबर तिथे पोचाल. उलट दिशेने पंधरा वेळा निम्मा करत आलं की सेकंदाला एक ठोका मिळतो. मनगटावरच्या क्वार्ट्‌झ घड्याळातही हाच आकडा असतो.

दुरुस्तीवाल्या मुलाने (माझाच जुना विद्यार्थी, गणितात कच्चा होता, आता मला शिकवतो) मला आधी एकच प्रश्न विचारला. "सर, घड्याळ संगणक चालू असताना मागे पडते, का बंद असताना?" हा प्रश्न फार चांगला आहे. चालू असतानाच मागे पडत असेल तर दोष आज्ञावलीत किंवा पाटीत. बरोबर काही तासांचा किंवा अर्ध्या तासांचा फरक असेल तर देश चुकीचा निवडलेला. आणि फक्त बंद असताना मागे पडत असेल तर सेल. माझं तिसरं होतं. त्याने मीटर लावला, सेल दोन व्होल्टच्याही खाली. नवा तीनच्या थोडा वर दाखवतो.

मग म्हणाला, "तुम्ही रात्री भिंतीवरचं बटणही बंद करता ना?" करतो तर. गडचिरोलीत राहणारा कोण करत नाही? जूनमध्ये विजा अशा कडाडतात की आम्ही बटण बंद करून वर पिनही उपसून ठेवतो. त्यावर तो म्हणाला, बटण चालू असलं की संगणक बंद असतानाही पाटीला थोडी वीज मिळत राहते आणि सेल खर्च होत नाही. बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. म्हणजे मी यंत्र विजेपासून वाचवत होतो आणि घड्याळाला उपाशी ठेवत होतो.

इंटरनेट जोडल्यावर संगणक स्वतःच वेळ जुळवून घेतो असं मी ऐकलं होतं. मधे दोन-तीनदा मोबाईलवरून जोडलंही होतं, पण तारीख तिथेच. कारण आता कळलं. घरगुती विंडोज पंधरा तासांपेक्षा जास्त फरक असेल तर आपणहून घड्याळ बदलत नाही. एवढी मोठी चूक दिसली की त्याला वाटतं, सांगणाराच चुकत असेल. माझी चूक दहा वर्षांची होती.

नवा सेल पस्तीस रुपयांना मिळाला. लिहिलेली बाजू वर ठेवून बसवला, तारीख घातली, आणि वाटलं झालं. तर दुसऱ्या दिवशी घड्याळ साडेपाच तास मागे! न पाच, न सहा. बरोबर साडेपाच. नातू हसायला लागला. "आबा, मी सुट्टीत त्यात लिनक्स टाकलं होतं, विसरलात?" म्हणे लिनक्स पाटीवरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि पडद्यावर भारतीय वेळ दाखवतं. विंडोज मात्र पाटीवर जे असेल ती स्थानिक वेळच समजतं. एकाच घड्याळाचे दोन वाचक, दोघांच्या दोन समजुती. त्याने फोनवरून एक आज्ञा टंकायला लावली आणि तंटा मिटला.

पण त्या साडेपाच तासांनी मला आमच्या लग्नाची आठवण करून दिली. लग्न १९७४ चं, मे महिन्यात. तिच्या माहेरचे भटजी जुन्या वळणाचे. त्यांनी घंगाळात पाणी भरून त्यावर तांब्याचं घटिकापात्र सोडलेलं. तळाला बारीक भोक असलेली वाटी. पाणी हळूहळू आत येतं, चोवीस मिनिटांनी वाटी बुडते, एक घटका भरते. दिवसरात्रीच्या अशा साठ घटका. सूर्योदयाला पहिली वाटी सोडायची आणि कोणीतरी नजर ठेवून मोजत राहायचं. मोजणाऱ्याचा डोळा लागला की दिवसाचा हिशेब गेला. (सेल उतरला, असं आता म्हणता येईल.) आमच्याकडच्या मंडळींच्या मनगटावर एचएमटीची घड्याळं, नवीनच घेतलेली, त्यामुळे जरा तोराही. वाटी म्हणे मुहूर्त आला, घड्याळ म्हणे अजून पाव तास आहे. माझे काका आणि भटजी दोघेही हटेनात. अक्षता हातात धरून माणसं उन्हात उभी. ही आठवण तिने फाईलीत सांगितली आहे, शेवटी म्हणते, "मला तवा एवढंच वाटे का कोणी तरी एक बरोबर राहू दे बाप्पा, पाय भाजून राह्यले."

खरं तर दोघंही बरोबर असू शकतात. वाटी आमच्या सूर्याची वेळ सांगत होती. घड्याळ सांगत होतं साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची वेळ, जे रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. एक अंशाला चार मिनिटं या हिशेबाने गडचिरोलीचा सूर्य त्या घड्याळापेक्षा साधारण दहा मिनिटं मागे असतो, चंद्रपूरचा तेरा, आणि मुंबईचा एकोणचाळीस. म्हणजे मुंबईच्या सूर्योदयावरून काढलेली वेळ आमच्याकडे आणली की जवळजवळ अर्ध्या तासाचा घोळ. काकांच्या खिशातलं टिपण कुठल्या पंचांगावरून काढलं होतं, ते कोणी विचारलंच नाही.

हा तंटा आमच्या मांडवापुरता नव्हता. रेल्वे आली तेव्हा साऱ्या देशात गाड्या एका वेळेवर चालवायला मद्रासची वेळ घेतली गेली. वर्ध्याहून वरोऱ्याला कोळशासाठी रूळ आले ते एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत, म्हणजे आमच्या चांदा जिल्ह्यात स्टेशनावर मद्रासची वेळ आली. आम्हाला त्याचा त्रास फारसा नव्हता, चांद्याच्या आणि मद्रासच्या सूर्यात चारच मिनिटांचं अंतर. मुंबईचं तसं नव्हतं, तिथे अर्धा तास. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली, लोकांनी एवढा विरोध केला की ती मागे घ्यावी लागली. पुढे १९०६ मध्ये ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची एकच भारतीय वेळ आली, तेव्हाही गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे केलं म्हणजे कामगाराला तेवढं अंधारात उठावं लागणार, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. फिरोजशहा मेहतांनी महापालिकेत 'बॉम्बे टाइम'चा किल्ला लढवला आणि पालिकेची घड्याळं जुन्याच वेळेवर राहिली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. शहरात दोन वेळा, विचारताना 'कोणता टाइम?' म्हणून विचारायचं. त्यात महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने देशभर घड्याळं आणखी एक तास पुढे केली, ती १९४५ च्या ऑक्टोबरात मागे आली. आमचे वडील चांद्याच्या कचेरीत कारकून होते. सांगायचे की साहेबाचे दहा म्हणजे घरच्या आईचे नऊ, आणि आई स्वयंपाक आपल्याच नऊला करायची, म्हणून तीन वर्षं डबा उशिराच.

असो. वेळेचं भागलं, तारखेचं काय?

फाईलींवरची तारीख खोटी होती, पण वेळ अगदीच खोटी नव्हती हे दोन दिवसांनी लक्षात आलं. संगणक रोज रात्रीच्या बारापासून सुरू व्हायचा. म्हणजे एखादी फाईल ०१:५२ ला जतन झालेली असेल तर सुरू केल्यापासून एक तास बावन्न मिनिटं झाली होती. आम्ही संगणक लावायचो तो बसायच्याच वेळी. म्हणजे त्या दिवशी आम्ही जवळजवळ दोन तास बसलो होतो. दिवस कोणता ते घड्याळाने सांगितलं नाही, पण बसलो किती ते सांगितलं. हे कळल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो.

मग इतिहासाच्या मास्तरने करायला हवं होतं तेच करायला घेतलं. मराठेशाहीची पत्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे, खाली 'छ' आणि एक आकडा असतो, पुढे मुसलमानी महिन्याचं नाव. छ म्हणजे चंद्र, त्या महिन्याचा कितवा चंद्र ते. वर्ष पुष्कळदा नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष माहीत होतं, लिहायचं कशाला? आमच्यासारखंच. वि. का. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, ग. ह. खरे अशा माणसांची आयुष्यं त्या पत्रांना वर्ष लावण्यात गेली. पत्रात कोण कुठे होतं, कोणती लढाई झाली, नदीला पूर होता का, यावरून. वर्ष चुकलं तर अर्थच फिरतो. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ चा की १५५१ चा, यावर किती शाई आणि किती डोकी फुटली! १९१६ मध्ये टिळकांनी जेधे शकावली छापली तेव्हा १५५१ च्या बाजूला, म्हणजे १६३० ला, खरा जोर आला.

माझी साधनं साधी होती. आमच्याकडे कालनिर्णयची जुनी पानं फेकत नाहीत. तिच्या अक्षरात त्यावर दुधाचा खाडा, गॅस लावला ती तारीख, लाइट गेली ती रात्र, पाहुणे, सगळं आहे. फाईलींच्या सुरुवातीला मी सवयीने दोन ओळी इकडच्या-तिकडच्या लिहीत असे. 'आज दूध नाही, काळा चहा' असं एका फाईलीत होतं. पानावर खाडे शोधले, बाजूच्या मजकुराशी जुळवले, ती लागली. एका फाईलीत मोह पडायला लागल्याचं होतं, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल. एकीत सिरोंचाकडचे रस्ते बंद, गावं हलवली असं, ती २०२२ च्या जुलैतली, तो पूर कोण विसरेल.

सगळ्यांत घोळ घातला ग्रहणाच्या फाईलीने. 'आज ग्रहण, चूल बंद' एवढंच. २०२२ मध्ये पंधरा दिवसांत दोन ग्रहणं होती. २५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण आणि ८ नोव्हेंबरला, कार्तिकी पौर्णिमेला, चंद्रग्रहण. दोन्ही संध्याकाळची. मी आठवडाभर ती नोव्हेंबरात ठेवली होती. मग पुन्हा वाचताना तिचंच एक वाक्य सापडलं, "आता उद्या सूर्य पाह्यल्याशिवाय काही खायचं नाही, तुमी खा." चंद्र उगवला तोच ग्रासलेला होता, पण ग्रहण त्याच संध्याकाळी सुटलं. सूर्य मात्र ग्रासलेलाच मावळला. ग्रस्तास्त. जुनी माणसं अशा वेळी दुसऱ्या दिवशीचं सूर्यबिंब पाहूनच जेवतात. म्हणजे २५ ऑक्टोबर. जुन्या ताम्रपटांत 'सूर्यग्रहण पर्वणी' असा उल्लेख असतो आणि संशोधक त्यावरून दानाचा दिवस नक्की करतात, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. ती रात्रभर उपाशी राहिली होती आणि मी 'तुमी खा' म्हटल्यावर जेवलो होतो, हेही त्याच साधनावरून सिद्ध होतं.

अशा एकोणीस फाईलींना तारीख लागली. चारांना महिना लागला, दिवस नाही. तीन मात्र अजून तशाच आहेत. नातू म्हणतो, अंदाजाने टाका, आबा, कोण विचारतं? मी त्यांच्यावर 'तारीख नाही' असंच लिहिलं आहे. एकदा अंदाज छापला की पुढचा त्याला पुरावा म्हणतो, हे मी पाहिलेलं आहे.

या तिघींतली एक सगळ्यांत लहान आहे. वेळ ००:११. मंडईच्या दिवसांत वडशाकडे नाटकाला निघालेली गाडी, आत गवताचं अंथरूण, वडिलांची घोंगडी, रात्रभर नाटक आणि पहाटे परत यायचं, असं ती सांगते आहे. गाडी नदीपाशी येते, बैल पाण्यात उतरायला तयार नाहीत, आणि तिथेच मजकूर तुटतो. खाली मी कंसात लिहून ठेवलं आहे, 'फोन आला, उठली.' थंडीचे दिवस असावेत, कारण शेगडी पेटवल्याचं वर आहे. २०२१ चा हिवाळा की २०२२ चा, कळत नाही. डिसेंबर २०२२ चं कालनिर्णयचं पान मागच्या आवराआवरीत कोणीतरी नेलं आहे, कदाचित मागच्या पाककृतीसाठी. ज्याच्याकडे असेल त्याने पाकृ ठेवून घ्या आणि पुढच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून पाठवा. आणि तो फोन तुमच्यापैकी कोणी केला होता का, संध्याकाळी सातच्या सुमारास, तिच्याशी काय बोलणं झालं, ते आठवत असेल तर जरूर कळवा. बैल पाण्यात उतरले की नाही हे तिच्या धाकट्या बहिणीला माहीत असेल, तिला मी या रविवारी विचारणारच आहे.